पाकिटावरची नावं

१९०२ च्या अखेरीस फ्रेड गायसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन कलकत्त्यात आला आणि हॉटेलच्या एका खोलीत त्याने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. त्या काळातल्या कितीतरी तबकड्यांवर गाणं संपता संपता गायिका इंग्रजीत आपलं नाव सांगते. आज ऐकताना तो ठसका वाटतो, आणि गौहर जान यांच्या आवाजात तो आहेही. पण नाव सांगायला लावण्याचं कारण कारखान्यातलं होतं. मुद्रणाच्या मूळ प्रती जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथे तबकड्या तयार होत. तिथल्या कामगारांना ना ही भाषा कळायची ना गाणं. कोणत्या तबकडीच्या लेबलवर कुणाचं नाव छापायचं हे त्यांना ऐकून समजावं म्हणून ते नाव गाण्यालाच जोडून दिलेलं असे.

आपल्याकडच्या संगीताच्या वेष्टनाची गोष्ट मला इथूनच सुरू झालेली दिसते. कागद, पुठ्ठा, छायाचित्र हे सगळं पुढे आलं. गाणाऱ्याची ओळख तबकडीबरोबर प्रवास कशी करणार, हा प्रश्न आधी आला. पुढच्या शंभर वर्षांत लेबल, पाकीट, कव्हर, कॅसेटचं इनले कार्ड, सीडीची पुस्तिका अशी त्याची उत्तरं निघत गेली. या पुस्तकात ती उत्तरं एकत्र पाहायला मिळतात. काही फार देखणी आहेत, काही ओबडधोबड. मला मात्र या सगळ्यांकडे बघताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: संगीत कुणी घडवलं याची नोंद ठेवणारी जागा म्हणजे हे वेष्टन, आणि त्या जागेवर कुणाचं नाव येतं, कुणाचं येत नाही, यात त्या काळाचा सगळा स्वभाव उतरलेला असतो.

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीला कव्हर म्हणावं असं काही नव्हतं. जाड तपकिरी कागदाचं पाकीट, मधोमध गोल भोक आणि त्यातून दिसणारं लेबल. पाकिटावर छापलेलं असे ते दुकानदाराचं नाव आणि पत्ता, सुयांच्या डब्यांची जाहिरात, दर खेपेला नवी सुई वापरण्याची सूचना. म्हणजे पाकीट विकणाऱ्याचं आणि लेबल गाणाऱ्याचं. तीन-साडेतीन इंचांच्या त्या वर्तुळात कंपनीचं चिन्ह, गाण्याचे पहिले शब्द, गायक, राग किंवा नाटकाचं नाव, क्रमांक एवढं मावायचं. कवीचं नाव कधी असे, कधी नसे. तबलजीचं आणि सारंगियाचं जवळजवळ नसेच. वडाळ्याच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने ‘यंग इंडिया’ या लेबलखाली तबकड्या काढल्या. त्या लेबलच्या नावात स्वदेशीची हवा होती. मांडणी मात्र सगळीकडे साधारण सारखीच राहिली.

चित्रपटसंगीतात या छोट्या वर्तुळाने केवढा अन्याय केला, याचं उदाहरण मराठी वाचकाला माहीत आहे, पण वेष्टनाच्या इतिहासात ते क्वचित सांगितलं जातं. १९४९ च्या ‘महल’मधलं ‘आएगा आनेवाला’ हे गाणं घरोघरी पोचलं तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे नाव होतं. कामिनी म्हणजे पडद्यावर मधुबालाने केलेली भूमिका. गायलं होतं लता मंगेशकरांनी. हा आवाज कुणाचा, असं विचारणारी पत्रं रेडिओकडे जाऊ लागली आणि मग खरं नाव सांगितलं गेलं. एका लेबलवरचा एक शब्द बदलायला श्रोत्यांना पत्रं लिहावी लागली. पार्श्वगायकाचं नाव छापणं ही पुढे इतकी साधी गोष्ट झाली की ती कधीकाळी नव्हती, हेच आपण विसरलो.

कव्हर ही स्वतंत्र कला झाली ती मात्र अमेरिकेत, आणि ती सुरू करणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला नक्की ठाऊक आहे. ॲलेक्स स्टाइनवाइस हा ब्रुकलिनचा मुलगा १९३९ मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्सचा कलादिग्दर्शक झाला तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता. त्या वेळी तिकडेही तीन-चार तबकड्या एकत्र बांधलेला आल्बम म्हणजे करड्या-तपकिरी पुठ्ठ्याची जाड वही असे आणि कण्यावर फक्त नाव छापलेलं असे. दुकानात त्या वह्या ओळीने उभ्या असत. त्यांना थडगी म्हणत. स्टाइनवाइसने मालकांकडे एवढंच मागितलं की मला यावर चित्र छापू द्या. छपाईचा खर्च वाढणार होता, म्हणून कुरकुर झाली. १९४० मध्ये रॉजर्स आणि हार्ट यांच्या गाण्यांच्या संचावर त्याने न्यूयॉर्कच्या इंपीरियल थिएटरचा दिव्यांनी उजळलेला दर्शनी फलक दाखवला आणि त्यावर संचाचं नाव झळकवलं. त्यानंतर विक्रीचे आकडे पाहून कुरकुर थांबली.

स्टाइनवाइसची चित्रं मला आवडतात ती त्यांच्या धीटपणासाठी. गायकाचा हसरा फोटो त्याने टाळला. पियानोच्या पट्ट्या, एखादा मुखवटा, एखादं वाद्य, सपाट रंगांचे दोन-तीन तुकडे आणि स्वतःच्या हाताची वळणदार अक्षरं, एवढ्यावर तो काम भागवी. कव्हरवर तो सही करी. चित्रकार सही करतो त्यात नवल काय, असं वाटेल. पण कारखान्यात तयार होणाऱ्या पुठ्ठ्यावर सही करणं म्हणजे हे काम कुणा माणसाने विचार करून केलं आहे असं जाहीर करणं. जून १९४८ मध्ये कोलंबियाने मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी एलपी आणली. तिच्या बारीक खोबणींवर जाड कागदाचे ओरखडे उठू लागले. तेव्हा पातळ पुठ्ठ्यावर छापील कागद चिकटवून केलेलं पाकीट स्टाइनवाइसने घडवलं, आणि पुढची चाळीस वर्षं जगभर तीच पद्धत चालली. करारानुसार त्याचे हक्क कंपनीकडे गेले.

बारा इंचांचा चौरस. एवढीशी गोष्ट, पण तिने दोन गोष्टी एकाच वेळी दिल्या: पुढे चित्राला जागा आणि मागे मजकुराला. पाश्चात्त्य कव्हरांवरची पुस्तकं पुढच्या बाजूवरच रेंगाळतात. त्यात गैर काही नाही, कारण तिथे पाहण्यासारखं पुष्कळ आहे. न्यूयॉर्कच्या ब्लू नोट कंपनीचंच घ्या. आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ हे दोघे बर्लिनचे, नाझी जर्मनीतून बाहेर पडलेले. लायन ध्वनिमुद्रण बघे, वुल्फ त्या वेळी वादकांचे फोटो काढी. त्या फोटोंवर पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून १९६७ पर्यंत रीड माइल्सने शेकडो कव्हरं बेतली. बहुतेकांना दोनच रंगांची परवानगी. तो फोटो निर्दयपणे कापी, अक्षरं एवढी मोठी करी की तीच तालावर नाचू लागत. आणि हा माइल्स जॅझचा शौकीन नव्हता! त्याची आवड पाश्चात्त्य अभिजात संगीताची. तबकडीत काय आहे हे लायन त्याला सांगे, आणि त्या सांगण्यावरून तो कव्हर करी. स्वतः रसिक नसतानाही दुसऱ्याच्या रसिकतेवर विश्वास ठेवून इतकं अचूक काम करता येतं, हे मला थक्क करतं. ऐकणारा एक, पाहणारा एक, मांडणारा एक अशा तिघांचं ते काम होतं, आणि तिघांचीही नावं आज माहीत आहेत.

साठच्या दशकाअखेर पारडं कव्हर करणाऱ्याच्या बाजूला झुकलं. १९६७ च्या ‘व्हेल्वेट अंडरग्राउंड’च्या पहिल्या आल्बमवर अँडी वॉरहॉलचं केळं आहे, त्याची साल सोलता येते; खाली नाव छापलं आहे तेही वॉरहॉलचंच. बँडचं नाव पुढच्या बाजूला नाही. त्याच वर्षी बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’चं कव्हर पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या पतिपत्नींनी उभं केलं. कव्हरसाठीचं ग्रॅमी पारितोषिक दोघांना मिळालं, तरी पुढे लोक ब्लेकचं कव्हर म्हणूनच बोलत राहिले. त्या चित्रातल्या गर्दीत महात्मा गांधींचीही आकृती उभी केली होती. भारतातल्या लोकांच्या भावना दुखावतील, या भीतीने बीटल्सच्या तबकड्या काढणाऱ्या ईएमआय कंपनीचे अध्यक्ष जोसेफ लॉकवूड यांनी ती काढायला लावली. भारतात ईएमआयचा मोठा व्यवसाय होता, कलकत्त्याजवळचा डमडमचा कारखाना तिच्याच छत्राखालचा. परमहंस योगानंद मात्र त्या चित्रात राहिले, आणि त्यांची गुरुपरंपराही.

आणखी एक कव्हर आपल्या घरातलं आहे. जिमी हेंड्रिक्सच्या ‘ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह’वर विश्वरूपदर्शनाची छापील तसबीर घेऊन तिच्यात हेंड्रिक्स आणि त्याच्या दोन साथीदारांचे चेहरे बसवले आहेत. अशी तसबीर महाराष्ट्रातल्या कितीतरी देवघरांत आणि किराणा दुकानांत लागलेली असते. चेहऱ्यांसाठी फोटो काढणारा कार्ल फेरिस, ते रंगवणारा रॉजर लॉ, त्यांची नावं या गोष्टीत येतात. मूळ विश्वरूप कुणी रंगवलं, हे ती सांगताना सहसा कुणी विचारत नाही.

आता आपल्या एलपीकडे. रागाचं चित्र काढण्याची परंपरा या भूमीत जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या निजामशाहीत रागमालेची चित्रं झाली, आणि त्यांतली मोजकी आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. टोडी म्हटलं की वीणा घेतलेली स्त्री आणि भोवती हरणं, हिंदोल म्हटलं की झोपाळा, अशी एक दृश्यभाषा तयार होती. त्यामुळे एलपी आली तेव्हा आपल्या कव्हरांवर रागमाला परतायला हवी होती, असं वाटणं स्वाभाविक आहे. काही कव्हरांवर ती आलीही. पण बहुतेक ठिकाणी आला तो गायकाचा फोटो: तानपुरा, शाल, मिटलेले डोळे, वर गेलेला हात.

या फोटोंना आळशी मांडणी म्हणून नावं ठेवण्याची रीत आहे. मला ती मान्य नाही. १९६० च्या सुमारास अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारी ही एलपी आली, ईएएलपी १२५३. ही तबकडी सांगलीत, अकोल्यात, बेळगावात विकत घेणाऱ्या बहुतेकांनी खाँसाहेबांना समोर बसून ऐकलेलं नव्हतं. तोवर तीन मिनिटांत आटोपणारा राग आता वीस मिनिटं उलगडत होता. एका बाजूला सूर्यास्ताचा मारवा, दुसऱ्या बाजूला रात्रीचा दरबारी. एवढा वेळ ज्याच्यासमोर बसायचं त्याचा चेहरा दिसावा, ही श्रोत्याची गरज खरी होती. हिंदुस्थानी संगीतात राग सगळ्यांचा असतो. या गवयाचा हा राग ही गोष्ट वेगळी असते. फोटोने तेच सांगितलं. फोटो वाईट काढला असेल, छपाई धुरकट असेल, तर दोष त्याला द्यावा.

आणि खरी मजा मागच्या बाजूला होती. आपल्याकडे एलपीच्या मलपृष्ठावरच्या मजकुराने जे शिक्षण केलं तेवढं संगीताच्या कितीतरी पुस्तकांनी केलं नसेल. रागाची वेळ, थाट, आरोह-अवरोह, विलंबित कोणत्या तालात, द्रुत कोणत्या तालात, बंदिशीचे शब्द, गायकाचं घराणं, गुरू आणि शेवटी साथसंगत. तबला अमुक, हार्मोनियम तमुक, तानपुऱ्यावर शिष्या कोण. अठ्ठ्याहत्तरच्या लेबलवर ज्यांना जागा नव्हती ती माणसं इथे पहिल्यांदा छापली गेली. सुई टेकवायची, कव्हर मांडीवर घ्यायचं आणि गाणं पुढे जाईल तसं वाचत जायचं, असं ऐकणारी एक पिढी मराठी घरांत तयार झाली. ती पिढी शास्त्र शिकली नसेल, पण ‘हा झपताल’ एवढं ओळखायला या पुठ्ठ्याने शिकवलं.

मुंबईच्या ग्रामोफोन कंपनीत ध्वनिमुद्रणाची धुरा सांभाळणारे जी. एन. जोशी स्वतः भावगीतगायक होते, आणि त्यांनी काढलेल्या तबकड्यांमध्ये ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही वेष्टनाच्या दृष्टीने मला सगळ्यांत रोचक वाटते. १९६७-६८ च्या या तबकडीत शिवकुमार शर्मा संतूरवर, ब्रिजभूषण काब्रा गिटारवर आणि हरिप्रसाद चौरसिया बासरीवर आहेत. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस अशी कल्पना. अहीर भैरव आणि नट भैरवने पहाट होते, मग पिलू, भूप, देस, आणि पहाडीवर दिवस संपतो. या संगीतात शब्द नाहीत. मेंढपाळ आहे तो फक्त कव्हरवरच्या मजकुरात. तो वाचला नाही तर सुंदर रागांची माळ ऐकू येते, वाचला की दिवस उगवताना आणि मावळताना दिसतो. वेष्टन संगीताच्या आत शिरलं, ते इतकं की दोन्ही वेगळे करता येऊ नयेत. आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत. हल्ली ही तबकडी फोनवर लावली की अनेक ठिकाणी पडद्यावर तीन नावं दिसतात. चौथं नाव शोधायला जुनं कव्हर हाती घ्यावं लागतं.

मलपृष्ठावरचा मजकूर कधी कधी तबकडीतच बोलून दाखवला जाई. १९५५ मध्ये न्यूयॉर्कहून अली अकबर खाँसाहेबांची सकाळच्या आणि संध्याकाळच्या रागाची एलपी निघाली, तिच्यात येहुदी मेन्युइन श्रोत्यांना संगीताची ओळख करून देतात. मराठीत ‘शिवकल्याण राजा’मध्ये बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन आहे. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या १९७४ साली ती तबकडी आली, आणि तिच्यात गाण्याइतकाच त्या निवेदनाचा ठसा आहे.

मग कॅसेट आली. चौरस फूट गेला आणि हाती तळहाताएवढं, घडी घातलेलं कार्ड उरलं. कव्हरकलेची पुस्तकं इथे सुस्कारा टाकून सीडीकडे वळतात. या पुस्तकाने तसं केलेलं नाही, आणि संपादकांचे मी त्यासाठी मनापासून आभार मानतो. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी कॅसेट स्वस्त केली. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊसने मैफलींचा ठेवा कॅसेटवर आणला. पण त्याहून मोठी घडामोड झाली ती पंढरपूर-जेजुरीच्या वाटेवरच्या टपऱ्यांत, आणि सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात, विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लागणाऱ्या दुकानांत. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज ज्या कार्डांत गुंडाळून घरोघर गेले त्या कार्डांना कुणी कला म्हटलं नाही. भीमगीतांच्या कार्डांकडे नीट बघा. निळ्या रंगाचा तो गहिरा पट्टा, कोट घातलेले बाबासाहेब आंबेडकर, मागे बुद्धाची शांत मुद्रा, कोपऱ्यात छोट्या गोलात गायकाचा फोटो, आणि जाड देवनागरीत कॅसेटचं नाव. ही मांडणी अनेक छोट्या छापखान्यांत, वेगवेगळ्या हातांनी, इतक्या वेळा झाली की तिचं व्याकरण तयार झालं. निळा कुठे यायचा, गायक किती लहान दाखवायचा, हे ठरलेलं. इथे गायक स्वतःला कोपऱ्यात ठेवतो, कारण गाणं ज्यांच्यासाठी आहे ते मधोमध हवेत. वामनदादा कर्डकांसारख्या कवीचं नाव गीतकार म्हणून या कार्डांवर छापलं जाई, तेव्हा ते लाखो हातांत पोचे. माझ्या मते या पुस्तकातली ही पानं ब्लू नोटच्या पानांइतकीच तोलामोलाची आहेत.

नावांचा हिशेब कायद्यानेही मांडला आहे. १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेल्या बावन्न-अ कलमानुसार ध्वनिमुद्रिकेवर आणि तिच्या वेष्टनावर मुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष छापावंच लागतं. २०१२ मध्ये आलेलं एकतीस-क कलम तर थेट कव्हरबद्दल बोलतं: जुन्या गाण्याची नवी आवृत्ती काढताना श्रोत्याची फसगत होईल असं वेष्टन वापरता येत नाही, मूळ गायकाचं नाव किंवा चित्र टाकता येत नाही, आणि ही नवी आवृत्ती आहे हे कव्हरवर स्पष्ट लिहावं लागतं. स्वस्त कॅसेटच्या जमान्यात नवख्या गायकाच्या आवाजावर थोरामोठ्यांचे फोटो लावून जो धंदा झाला, त्याचा अनुभव या कलमामागे दिसतो. या दोन्ही कलमांत मालक आहे, निर्माता आहे, गायक आहे. कव्हर काढणारा नाही.

मराठी माणसाला मुखपृष्ठाची पारख नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं आपण पुस्तकाइतक्याच प्रेमाने आठवतो, सुभाष अवचटांचं चित्र ओळखतो, नाटकाच्या जाहिरातीतली कमल शेडग्यांची अक्षरं नाव न वाचता सांगतो. पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘मुखपृष्ठ: अमुक’ अशी ओळ छापण्याची पद्धत प्रकाशकांनी पाळली, म्हणून हे शक्य झालं. ध्वनिमुद्रिकेच्या धंद्यात ती ओळ रुजली नाही. काही कव्हरांवर मांडणीकाराचं नाव सापडतं, पुष्कळांवर छापखान्याचं सापडतं, उरलेल्यांवर काहीच नाही. तबकड्या जपणाऱ्या संग्राहकांनी इथे मोठं काम केलं आहे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आणि तिच्यासाठी झटलेल्या सुरेश चांदवणकरांसारख्या अभ्यासकांनी लेबलं, क्रमांक, सूचिपत्रं यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास होऊ शकतो हे दाखवलं. कव्हरांच्या बाबतीत तेवढं काम व्हायचं आहे. चोरबाजारात आजही माणसं तबकडी काढून बघतात, ओरखडे तपासतात आणि फाटकं कव्हर तिथेच टाकून येतात.

या पुस्तकात प्रत्येक कव्हराच्या दोन्ही बाजू छापल्या आहेत. मागच्या बाजूचा मजकूर वाचता येईल एवढा मोठा ठेवण्यासाठी चित्रांची संख्या कमी करावी लागली. तो निर्णय योग्य होता. प्रत्येक चित्राखाली पाच रकाने आहेत: गायक-वादक, साथ, शब्द, मजकूर लिहिणारा, कव्हर करणारा. पाचवा रकाना बऱ्याच पानांवर कोरा आहे आणि तो मुद्दाम कोराच छापला आहे. तुमच्या घरात, शेजारी, ओळखीत कुणी कंपनीच्या कलाविभागात, गिरगावातल्या एखाद्या ब्लॉकमेकरकडे, छापखान्यात किंवा कॅसेटवाल्यांकडे काम केलं असेल तर त्यांना ही पानं दाखवा. एखादं कव्हर त्यांनी ओळखलं, तर करणाऱ्याचं नाव, साधारण वर्ष आणि ते कसं ठाऊक आहे एवढं लिहून प्रकाशकांकडे पाठवा. मूळ चित्र किंवा छपाईआधीचा कच्चा आराखडा घरात असेल तर त्याचा फोटोही पाठवा. पुढच्या आवृत्तीत तो रकाना त्या नावाने भरला जाईल, आणि नाव कुणी कळवलं तेही तिथेच छापलं जाईल.